पांढरीपांडे साहेबांचा डावा दिवा

पांढरीपांडे साहेब जेवायला बसले की खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढायचे. पोळी ताटात पडली की आधी पट्टी, मग घास. काठ जाड की मध्य जाड, ते बघायचे. दुसऱ्या कुणाच्या घरी हे केलं असतं तर लोकांनी समोरून ताट उचललं असतं. माझ्या घरी हे दर रविवारी व्हायचं, आणि माझी बायको कुसुम कमरेवर हात ठेवून निकालाची वाट बघत उभी राहायची.

"काय भाऊजी, पास का?"

"पास. एका जागी किंचित जाड आहे वहिनी, पण पास."

मी म्हणायचो, "साहेब, तुमच्या पोटाला कळतं का जाड-बारीक?"

ते पट्टी पुसून खिशात ठेवत म्हणायचे, "वानखडे, पोटात गेल्यावर तपासता येत नाही. बघायचं ते आधी."

हा माणूस आमच्या भोपाळच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होता. पोलिसातला नव्हे. आमच्या इथे मोठाली यंत्रं बनायची, आणि बनलेला प्रत्येक तुकडा बरोबर बनला का हे बघायची ज्यांची नोकरी, ते इन्स्पेक्टर. मी फिटर. मी कानस मारायचो, नट आवळायचो, घामाने निथळायचो, आणि मग हे पांढऱ्या शर्टात यायचे. चष्मा कपाळावर चढवायचे, वाकायचे, कडेवरून बोट फिरवायचे. "एकदा बघून घेऊ," म्हणायचे. त्यांचं ते एकदा बघणं माझी जेवणाची सुट्टी खाऊन टाकायचं. शेवटी तांबड्या खडूने फुली. माझ्या कामावर त्यांनी इतक्या फुल्या मारल्या की बाजारात लाल खडूचा डबा दिसला तरी माझं डोकं उठायचं.

त्यांचा एक नियम होता. काम एकाने करायचं, पास दुसऱ्याने. करणाऱ्याने पास म्हणायचं नाही आणि पास करणाऱ्याने कामाला बोट लावायचं नाही. कारखान्यात हा सगळ्यांचाच नियम. पण बाकीचे लोक तो गेटवर सोडून घरी जायचे, हे सोबत घेऊन आले. घरचा नळ गळायला लागला तर स्वतः हात लावणार नाहीत. प्लंबर बोलावतील आणि त्याच्या मानेशी टॉर्च धरून उभे राहतील. आमच्या अवधपुरी वस्तीतले प्लंबर एकमेकांना सांगायचे, "वो पट्टीवाले अंकल के यहाँ तू जा, मैं पिछली बार गया था."

त्यांचं लग्न झालं नाही. लोक म्हणायचे, मुली रिजेक्ट केल्या असतील. तसं नव्हतं. एकच मुलगी बघितली, नागपूरची, शाळेत शिकवणारी. ही गोष्ट त्यांनी स्वतःच कुसुमला सांगितली होती. मुलगी त्यांना पसंत पडली. मग ते तिच्या वडिलांना म्हणाले, आता आमच्याकडचे दोष लिहून घ्या. आई चिडकी आहे, क्वार्टरच्या छतातून पाणी येतं, मी घोरतो आणि मला गप्पा मारता येत नाहीत. वडील चहा अर्धा टाकून उठले. कुसुम हसून हसून डोळे पुसत होती. म्हणाली, "भाऊजी, मुलगी पास केलीत आणि स्वतःला नापास केलंत!" ते म्हणाले, "जे होतं ते सांगितलं." पुढे आई गेली तेव्हापासून ते एकटेच.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं. मी अवधपुरीत प्लॉट घेतला आणि पाया खणायला गेलो, तर शेजारच्या प्लॉटवर पांढरा शर्ट. मी कुसुमला म्हटलं, प्लॉट विकून टाकू. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या भोपाळात तुम्हाला दुसरं कोण विचारणार आहे? राहू दे. माझ्या घराच्या प्रत्येक भिंतीला त्यांनी ओळंबा लावून बघितला. गवंडी मध्येच पळून गेला, दुसरा आणावा लागला. पण भिंती सरळ आहेत. तेवढं म्हणावं लागेल.

आता गाडीचं सांगतो, कारण खरं सांगायचंय ते गाडीचंच.

गाडी त्यांची जुनी, दुधी रंगाची, एवढीशी. तिच्यावर मेकॅनिकपेक्षा पट्टीच जास्त फिरलेली. दर शनिवारी संध्याकाळी दिव्यांची तपासणी असायची. ते समोर उभे राहायचे. पण बघणारा वेगळा आणि स्विच फिरवणारा वेगळा पाहिजे, म्हणून कुसुमला बोलवायचे. मला हा सगळा प्रकार फालतू वाटायचा, मी पायरीवर बसून तंबाखू मळायचो. कुसुम मात्र शनिवारची वाट बघायची. पदर खोचून, चपला बाहेर काढून, देवळात शिरल्यासारखी ती ड्रायव्हरच्या जागेवर बसायची.

"अपर!" ती आतून ओरडायची, आणि दिवे मोठे करायची.

"ठीक."

"डिपर!"

"ठीक."

"डावीकडचा सिग्नल! उजवीकडचा!"

"ठीक. ठीक. झालं वहिनी."

मग ती हॉर्न वाजवायची. लांबलचक. गल्लीतली कुत्री उठायची.

"वहिनी, हॉर्न चाचणीत नाही."

"माझ्या चाचणीत आहे," ती म्हणायची.

साहेब स्वतः कधी हॉर्न वाजवत नसत. समोर गाय बसली तर गाय उठेपर्यंत गाडी उभी. मागचे लोक शिव्या द्यायचे, काहींना वाटायचं की यांचा हॉर्नच खराब आहे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "समोरचा उठायचा तेव्हा उठतो." मला वाटलं, हाही एक चक्रमपणा.

कुसुमला गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गाडीतून ती फारशी कुठे गेलीही नाही. जवळच्या मिसरोदपर्यंत दोनदा गेली असेल, एका लग्नाला आणि एका बारशाला. ती म्हणायची, "भाऊजी, एकदा या गाडीतून मला नर्मदेला न्या. पुढच्या सीटवर बसून जाईन."

"नेऊ की वहिनी. गाडी पूर्ण पास झाली की नेऊ."

गाडी पूर्ण पास कधी झालीच नाही. कधी वायपर कुरकुरायचा, कधी टायर एका बाजूने झिजलेला असायचा.

मग कुसुम गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशी. याच्यापुढे मी काही लिहिणार नाही.

अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. माझ्या अंगणात झाड नाही, सगळी फरशी. साहेबांच्या पोर्चमध्ये गाडीच्या वर छताला एक हुक होतं. ते म्हणाले, इथे टांगू. मग स्टूल आणलं, हुकाला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय सोडून लटकले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा शर्ट, हवेत पाय. बायका रडत होत्या त्या गप्प होऊन बघायला लागल्या. खाली उतरले, हात झटकले, म्हणाले, "हुक पास." लाल फडक्यात बांधलेलं मडकं त्यांनी स्वतः टांगलं. बरोबर बॉनेटच्या वर.

माझी मुलगी बेबी नागपूरला असते. ती म्हणाली, "बाबा, दहाव्याला आम्ही सगळे येऊ, तेव्हा मी आईला रामटेकला घेऊन जाते. तिथं तलावावर सगळं रीतीनं होतं."

मी म्हटलं, "तिला नर्मदेला जायचं होतं."

"मग न्या ना. पण नेणार कसे? तुम्हाला चहा करून प्यायची शुद्ध नाहीये बाबा. दहाव्याच्या आत तुमच्याकडून झालं तर ठीक, नाहीतर मी नेणार."

पोरीचं काही चूक नव्हतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. कुसुम नर्मदेलाच जाणार, आणि त्याच गाडीतून जाणार, पुढच्या सीटवर.

नववा दिवस उजाडला तरी मी नुसता खाटेवर. उद्या बेबी येणार. तेव्हा उठलो, आंघोळ केली, धोतर नेसलो आणि शेजारी गेलो.

"साहेब, आज न्यायचं. तुमच्या गाडीतून."

ते "एकदा बघून घेऊ" म्हणाले नाहीत. आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले. गाडीत बसले, चावी फिरवली, दिवे लावले. गाडीचं तोंड घराच्या भिंतीकडे होतं. भिंतीवर उजेडाचा एकच गोल पडला. उजवीकडचा. डावीकडे नुसती भिंत.

ते खाली उतरले. चष्मा कपाळावर. डाव्या दिव्यावर टिचकी मारली.

"बल्ब गेला. गाडी पास नाही."

"बरं. चला आता."

"वानखडे, मी काय म्हटलं? गाडी पास नाही."

"अहो साहेब, सकाळ आहे! वर सूर्य दिसतो का तुम्हाला?"

"सूर्य या गाडीला बसवलेला नाही."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "माझी बायको तुमच्या डोक्यावर टांगलीय आणि तुम्हाला बल्ब सुचतोय? जन्मभर माझ्या कामावर फुल्या मारल्या, आता हिच्यावर पण मारा एक! मी टॅक्सी आणतो."

"टॅक्सी आणायची नाही." ते एवढ्या जोरात कधी बोलत नसत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनींना या गाडीतून न्यायचं कबूल केलंय. बल्ब आणू. बसवू. जाऊ. आजच जाऊ."

"तुमची तपासणी संपेपर्यंत आज संपेल."

"आजच," ते म्हणाले. "तुम्ही बसवा. मी बघतो."

स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत आम्ही चालत गेलो. एक दिवा गेलेली गाडी ते गल्लीतही काढणार नव्हते. दुकानदार रफीकभाई साहेबांना बघून काउंटरवरच्या वस्तू मागे सरकवायला लागला.

"को खां चच्चा! आज क्या नापने आए हो?"

"हेडलाइट का बल्ब. बाईं तरफ का."

"बल्ब में दायाँ-बायाँ नईं होता, चच्चा."

"मालूम है. लेकिन गया बाईं तरफ का है."

रफीकने बल्ब काढला. साहेबांनी तो डब्यातून बाहेर काढू दिला नाही, डबाच डोळ्याशी धरला. मग तसाच डब्यात धरून बॅटरीला लावून पेटवून दाखवायला लावला. बल्बच्या आतल्या दोन्ही तारा, अपर वेगळी, डिपर वेगळी. मग पुन्हा.

"मिस्तरी भेज देता हूँ," रफीक म्हणाला. "दो मिनट में लगा देगा."

"दो मिनट में लगा हुआ दो मिनट ही चलता है."

मी मध्ये पडलो. "भैया, जल्दी करो. घरवाली को नर्मदाजी ले जाना है."

रफीकचा हात थांबला. "हॉर्न वाली चाची?" गल्लीतला तो शनिवारचा हॉर्न त्याच्या दुकानापर्यंत ऐकू यायचा म्हणे. तो आत जाऊन अजून एक बल्ब घेऊन आला आणि साहेबांच्या खिशात घातला. "ये भी रख लो चच्चा. बुधनी की तरफ जंगल है, रस्ते में कुछ नईं मिलेगा."

घरी येऊन बॉनेट उघडलं. वर कुसुम, खाली आम्ही दोघं.

दिव्याच्या मागे हात घालायचा, तीन पायांचा कनेक्टर ओढायचा, रबरी टोपी काढायची, स्प्रिंगची एक क्लिप असते ती बाजूला करायची की बल्ब हातात. असं म्हणायला. पण डावीकडे बॅटरी बसवलेली. माझा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. माझे हात म्हणजे फावडी. मधल्या बोटाचं टोक कारखान्यातल्या एका मशीनने ठेवून घेतलंय. कनेक्टर निघाला, टोपी निघाली. क्लिप काही दिसत नव्हती, आंधळ्यासारखं चाचपडत होतो. साहेब पाठीशी टॉर्च धरून.

"उजेड मला दाखवताय का बॅटरीला?" मी म्हटलं.

"क्लिप आतल्या बाजूला दाबा, मग खाली."

"तेच करतोय."

"तुम्ही बाहेरच्या बाजूला दाबताय."

"मग तुम्ही करा!"

त्यांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. नियम.

शेवटी क्लिप सुटली आणि जुना बल्ब बाहेर आला. काच आतून काळी झालेली. मी तो बाजूला ठेवला, नवा डब्यातून काढला आणि दोन बोटांत धरला.

"थांबा! काचेला हात लावलात."

"मग काय शेपटी आहे का त्याला, जिथं धरू?"

"हातावर तेल असतं. दिवा तापला की तेवढ्या जागी काच तडकते. हा गेला."

"पुसतो धोतराला."

"पुसलेलं काम मी कधी पास केलंय का?" त्यांनी तो बल्ब माझ्या हातून घेतला, डब्यात घातला आणि डब्यावर खिशातल्या खडूने फुली मारली. खरंच मारली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि माणसाच्या खिशात खडू!

मला एकदम असं वाटलं की बॉनेट आपटावं आणि मडकं घेऊन पायी निघावं. पण वर बघितलं. लाल फडकं वाऱ्याने थोडं हलत होतं. ती असती तर म्हणाली असती, भांडा, भांडा, नर्मदा कुठे पळून जातेय. मी दुसरा बल्ब घेतला. रुमालात धरून घेतला.

बल्ब खाचेत बसला. क्लिप बसेना. लावली की उडायची. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. बोटाचं जे टोक नाही, नेमकं तेच लागत होतं. घाम डोळ्यात जायला लागला. ऊन डोक्यावर येऊन कलायला लागलं होतं. मी एकसारखं करत राहिलो. आज न्यायचं म्हणजे न्यायचं. पण बोटं वळेनात, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी हात आतच ठेवून उभा राहिलो.

साहेबांनी टॉर्च मडगार्डवर ठेवला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. त्यांचे कोपर मी तेव्हा पहिल्यांदा बघितले, मुलीसारखे बारीक आणि गोरे.

"सरका."

"साहेब, तुम्ही हात लावणार?"

"सरका म्हटलं ना वानखडे."

तो माणूस बॅटरीवर आडवा झाला. पांढऱ्या शर्टाला काळा डाग लागला, त्यांनी बघितलंही नाही. त्यांची लांब बोटं आत गेली, कोपरापर्यंत गेली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. क्लिप उडाली. "अगं थांब," ते क्लिपला म्हणाले. पुन्हा उडाली. नखातून रक्त आलं. मग टक्‌ असा आवाज झाला. बारीकसा. फिटर माणसाला तो आवाज दहा आवाजांत कळतो.

रबरी टोपी बसवली, कनेक्टर दाबला. बॉनेट मी लावलं. आम्ही दोघं गाडीच्या समोर जाऊन उभे राहिलो, भिंतीला पाठ लावून. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मी कमरेवर हात ठेवले. डाव्या दिव्याकडे बघत राहिलो.

दिवा लागेना.

"कनेक्टर नीट दाबलात?" मी विचारलं.

"दाबला."

"क्लिप?"

"बसली. आवाज ऐकलात की."

आम्ही अजून बघत राहिलो. साहेब वाकले, काचेच्या आत डोकावले. मीही वाकलो. दोन म्हातारे, गाडीच्या तोंडात तोंड घालून. आणि मग मी मान वर करून समोरच्या मोठ्या काचेतून गाडीच्या आत बघितलं.

ड्रायव्हरच्या जागेवर कुणीच नव्हतं. स्विच फिरवणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघंही "अपर!" अशी हाक यायची वाट बघत होतो.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता ते कुठल्या कुठे गेलं आणि मी बॉनेटला धरून उभा राहिलो. साहेब माझ्या खांद्याला हात लावायला आले, पण त्यांना ते काही जमलं नाही. खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं आणि दाराकडे वळले.

"काम मी केलंय," ते म्हणाले. "मला पास करता येणार नाही. तुम्ही समोर थांबा."

ते आत बसले. जराशाने त्यांचा आवाज आला. "अपर."

दोन्ही दिवे लागले. माझ्या डोळ्यांवर आले.

"ठीक," मी म्हटलं.

"डिपर."

"ठीक."

"नीट बघा वानखडे. डावा उजव्याइतकाच आहे का?"

मी नीट बघितलं. जन्मभर ज्यांनी मला नापास केलं त्यांचं काम माझ्यासमोर होतं. एखादी फुली मारायला काही हरकत नव्हती. डावा किंचित जास्तच पांढरा होता, नवा म्हणून.

"पास," मी म्हटलं.

नंतर दोघंही वाट बघत होतो, आणि कशाची ते दोघांनाही माहीत होतं.

"हॉर्न राहिला, साहेब."

"हॉर्न चाचणीत नाही," ते आतून म्हणाले.

निघायला दुपार टळून गेली. मी मडकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलो. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "बेल्ट लावा. त्यांच्यावरूनही घ्या." मी कुसुमवरून बेल्ट घेतला.

ते आपल्या चालीने चालले. मिसरोद गेलं, मंडीदीपचे कारखाने गेले. ट्रक हॉर्न मारत बाजूने जायचे, मोटारसायकलवाले वळून बघायचे. साहेब मान हलवत नव्हते. पुढे साग सुरू झाला, वळणं सुरू झाली. मी मनातल्या मनात कुसुमला सांगत होतो, हे बघ माकड, हा बघ डोंगर, तो रेल्वेचा पूल.

नर्मदेच्या घाटावर पोचलो तेव्हा ऊन पाण्यावर लांब झालं होतं. एक पंडा पुढे आला, त्याला मी हाताने परत पाठवलं. साहेब माझ्या आधी उतरले आणि पायऱ्या पायाने चाचपून आले. "इथून उतरा. तिकडे शेवाळ आहे." मग चपला एका रेषेत काढून ठेवल्या आणि लांब जाऊन बसले.

मी पाण्यात गुडघाभर उतरलो. फडकं सोडलं. म्हटलं, आलीस बघ. त्याच गाडीतून आलीस. एवढंच म्हटलं. पाण्याने तिला घेतलं. मग मडकंही सोडलं, ते थोडं गोल फिरलं आणि गेलं.

काम झालं होतं. उद्या बेबीला सांगायला मोकळा. उठून घरी जायचं, एवढंच बाकी. पण पायरीवर बसलो तो मला उठता येईना. पाय धड होते. मनच उठेना. घरी जायचं म्हणजे ज्या घरात ती नाही त्या घरात जायचं. इथे निदान पाणी होतं, आणि त्यात कुठेतरी ती होती.

सूर्य गेला. पलीकडच्या काठावर आरतीची घंटा झाली, बायकांनी पानाचे द्रोण सोडले, तेही लांब गेले. घाटावरची माणसं कमी होत गेली. पायऱ्या थंड पडल्या. बऱ्याच वेळाने मला आठवलं की माझ्यासोबत एक माणूस आला आहे. ते तिथेच होते, जिथे बसले होते तिथेच. हातावर हात, पाठ ताठ, शर्टावर काळा डाग.

मी म्हटलं, "साहेब, अंधार झाला. तुमचा खोळंबा केला मी."

ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आईला मी इथेच आणलं होतं. टॅक्सी केली होती. मी बसलो होतो असाच, त्या तिकडच्या पायरीवर. टॅक्सीवाल्याला परत जायची घाई होती. वरून हॉर्न वाजवत होता. एकसारखा." दुमडलेली बाही खाली केली. "मी उठलो. उठायचं नव्हतं, पण उठलो."

मला सकाळचं भांडण आठवलं, सूर्य आठवला. हा माणूस सकाळपासून जातानाचा विचारच करत नव्हता. येतानाच्या अंधाराचा करत होता.

"निघू या का?" मी विचारलं. उठलो मात्र नाही.

पांढरीपांडे साहेबांनी पायरीवर हात फिरवून बघितला, कोरडी आहे का ते, आणि दोन पायऱ्या सरकून माझ्या शेजारी येऊन बसले.

"बसा," ते म्हणाले. "घाई नाही. दिवे आहेत."